इंदूर: जिम्नीला एटी टायर घ्यावेत की मड टायर? शेताचा रस्ता काळ्या मातीचा आहे

सुदामानगरकर:
नमस्कार मंडळी, टायर बदलायची वेळ आलीय आणि जितक्यांना विचारावं तितकी वेगळी उत्तरं मिळतायत, म्हणून शेवटी इथे विचारतोय. गाडी मारुतीची जिम्नी, २०२३ ची, कंपनीचे ब्रिजस्टोन ड्युएलर एचटी, साइज १९५/८० आर १५, आणि त्यांची नक्षी आता बरीच उतरलीय. वापर असा की सोमवार ते शनिवार सुदामा नगर ते विजय नगर, सगळं सिटीतलं, आणि रविवारी सिमरोलच्या पुढे आमचं शेत आहे तिकडे. बाबा बरोबर असतात, सत्तरी पार केलीय त्यांनी. खंडवा रोड सोडला की साधारण तीन किलोमीटर कच्चा रस्ता, सुरुवातीला मुरमाचा, मग नुसती काळी माती, मधे एक नाला. उन्हाळ्यात काही त्रास नाही, पण सोयाबीनची पेरणी झाली की ते पीक निघेपर्यंत त्या रस्त्याचं काय होतं ते माळव्यातल्यांना सांगायला नको. स्टिअरिंग कुठेही फिरवा, गाडी तिला जायचंय तिकडेच जाते. बाबांना अर्ध्या रस्त्यात उतरवून चिखलातून चालवणं मला आता बरोबर वाटत नाही.

शिवाय महिन्या-दोन महिन्यांनी मित्रांबरोबर जानापाव नाहीतर महूवरून जाम गेटकडे जाणं होतं, तिथे दगड-मुरूम जास्त. टायरवाला म्हणतो सरळ मड टायर टाका साहेब, टेन्शनच नाही. मित्र म्हणतो एटीच (ऑल टेरेन, सगळ्या रस्त्यांचे) घे, मड टायर घेऊन सिटीत पस्तावशील. दोघंही छातीठोकपणे सांगतात पण का ते कोणी सांगत नाही. मला ते का पाहिजे. आणि साइज तीच ठेवू की वाढवू तेही सांगा.

पिथमपूरवाला:
भिया, मी पिथमपूरला गाड्यांच्याच कामात आहे, टायर विकत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहितो, जरा लांबेल पण विषयच तसा आहे.

तुमच्या गाडीला आत्ता आहेत ते एचटी, म्हणजे हायवेचे. खाचा उथळ, ठोकळे एकमेकांना चिकटून, आवाज कमी. एटीमध्ये ठोकळे सुटे होतात, खाचा खोल होतात, पण प्रत्येक ठोकळ्यावर बारीक बारीक चिरा ठेवलेल्या असतात. एमटी म्हणजे मड टायर, त्यात ठोकळे मोठे, मधली जागा भरपूर मोकळी, कडेचे दात बाहेर साइडवॉलपर्यंत, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीपर्यंत आलेले आणि बारीक चिरा जवळपास नाहीतच. आता हा फरक आपल्या मातीत काय करतो ते बघा. माळव्याची काळी माती बेसॉल्ट झिजून झालेली, तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती, पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून फुटते, म्हणून मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा आणि जुलैत तीच माती मळलेल्या कणकेसारखी चाकाला बिलगते. टायरचे दोन-चार फेरे झाले की खाचा भरल्या, आणि एकदा खाचा भरल्या की एटी असो की एचटी, जमिनीला लागतं ते एक गुळगुळीत चाक. रेताड चिखल किंवा मुरमाचा रेंदा असता तर एटीने तो सहज फेकला असता, काळी माती फेकत नाही. एवढ्या एका गोष्टीत तुमचा टायरवाला बरोबर आहे, मोठ्या मोकळ्या खाचा आणि कडेचे उघडे दात असले की चाक जोरात फिरलं की गोळेच्या गोळे उडून जातात आणि दात परत मोकळे होतात.

पण जोरात फिरलं की, हे लक्षात ठेवा. हळूहळू रांगत गेलात तर मड टायरसुद्धा भरतो. काळ्या मातीत खूप जण ४एल (चारही चाकांना ताकद, पण वेग एकदम कमी) लावून पहिल्या गिअरमध्ये जातात, तिथे चाकाला वेगच मिळत नाही मग माती सुटणार कशी. ४एच (चारही चाकांना ताकद, नेहमीचा वेग) आणि दुसरा गिअर, अॅक्सिलरेटर एकसारखा धरायचा, मधे थांबायचं नाही. ईएसपी, म्हणजे गाडी घसरू नये म्हणून असलेली यंत्रणा, चालू असेल तर चाक फिरायला लागल्याबरोबर ते इंजिनची ताकद कापतं, म्हणून चिखलाआधी त्याचं बटण दाबून बंद करायचं आणि डांबरावर आल्याआल्या चालू करायचं.

आता दुसरी बाजू. तुम्ही आठवड्यातले सहा दिवस डांबर आणि सिमेंटवर आहात, आणि शेतावर जायचं म्हटलं तरी खंडवा रोडच. पावसात ओल्या डांबरावर ब्रेक मारला की त्या बारीक चिराच पाण्याचा पातळ थर फोडून रबर रस्त्याला लावतात. मड टायरमध्ये त्या नाहीत, मुळात रस्त्याला टेकणारं रबरच कमी, त्यात मोठे ठोकळे ब्रेक लागला की वाकतात. त्यामुळे थांबायला जास्त अंतर लागतं, वळणावर गाडी सैल वाटते. आमच्या पिथमपूरला नॅट्रॅक्स या गाड्यांच्या चाचणी केंद्रामध्ये ब्रेकिंगसाठी वेगळा ट्रॅक केलाय तो काही उगाच नाही, टायर आणि रस्ता यांच्यातली पकड हा जीवावरचा विषय आहे. सिमरोलच्या उतारावर पुढचा ट्रक अचानक थांबला तर तिथे शेताच्या चिखलातली पकड कामाला येत नाही. बाबा बरोबर असतात म्हणालात म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि जिम्नीचं म्हणाल तर इंजिनचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवायची ताकद, १३४ न्यूटन मीटरच. मड टायर वजनाला जड असतात, पाच चाकांवर ते वजन वाढलं की पिकअप आणि अॅव्हरेज दोन्ही बसतं. स्टेपनी मागच्या दारावर टांगलेली आहे, जड स्टेपनीचा भार बिजागऱ्यांवर येतो तो वेगळाच.

माझं मत, तुमच्या वापराला चांगला एटी.

शेतावरची_ताई:
पिथमपूरवाल्या दादांचं सगळं पटलं तरी मी मड टायरच्या बाजूने लिहिणार आहे, कारण सगळेच काही विजय नगरला ऑफिसला जात नाहीत. आम्ही मानपूरच्या बाजूला शेतावरच राहतो. जुनी थार आहे, तिला मड टायर आहेत आणि मी स्वतः चालवते. आमच्याकडे प्रश्न रविवारचा नाही. सकाळी दूध निघालंच पाहिजे, मुलांची शाळा असते, रात्री-बेरात्री कोणाला महूला दवाखान्यात न्यायचं असलं तर पाऊस थांबेपर्यंत वाट बघता येत नाही. घरापासून डांबरापर्यंतचा रस्ता काळ्या मातीचा आणि त्यातून ट्रॅक्टर-ट्रॉल्या जाऊन जाऊन खोल चाकोऱ्या पडलेल्या. आधी एटी होते, वाईट नव्हते, पण सततची झड लागली की दोन-तीन दिवसांनी ते हात टेकायचे. मड टायर लावल्यापासून बाहेर पडता येतं. आवाज येतो, साठच्या वर गेलं की एकसारखी घूं घूं सुरू होते, त्याची सवय होते.

अजून एक गोष्ट कोणी लिहीत नाही म्हणून सांगते. तुरीची धसकटं आणि बाभळीचे काटे. तूर कापल्यावर शेतात जी तिरकी टोकं उभी राहतात ती पातळ साइडवॉलमध्ये सरळ घुसतात, आणि साइडवॉलचं पंक्चर धड निघत नाही, टायरच जातो. मड टायरची साइडवॉल जाड असते. एटी घेतलात तरी साइजच्या आधी एलटी (लाइट ट्रक) लिहिलेला बघा, त्यात आतले थर सहसा जास्त असतात.

ओल्या डांबराचं जे दादांनी लिहिलंय ते मात्र शंभर टक्के खरं. पावसात मी मानपूरच्या घाटात पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवते आणि वेग कमीच. ज्याला हे रोज पाळायची तयारी नाही त्याने मड टायर घेऊ नयेत.

रानवाट_इंदूर:
दोघांचं वाचलं, दोघंही आपापल्या जागी बरोबर. मी हवेबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे लोक टायरवर एवढा खर्च करतात आणि मग फुल हवेत चिखलात घुसतात.

दारावरच्या स्टिकरवर जे प्रेशर लिहिलंय ते डांबरासाठी आहे. कच्च्यावर जिम्नीसारख्या हलक्या गाडीला १८ पीएसआयपर्यंत आणलं की टायर लांबीला पसरतो, जास्त दात एका वेळी जमिनीला लागतात, दगडावर गाडी उड्या मारत नाही आणि टोकदार दगडावर टायर फाटायच्या ऐवजी दबतो. पाताळपाणी, चोरल बाजूच्या त्या काळ्या कातळावर तर हे केलंच पाहिजे. फार खाली जाऊ नका, साध्या रिमवर वळताना टायरची कड रिमवरून उतरू शकते. कमी हवेत वेग ३० च्या आत, आणि डांबरावर यायच्या आधी हवा परत भरायची. त्यासाठी बॅटरीला थेट चिमटे लावायचा कॉम्प्रेसर घ्या, लायटरच्या सॉकेटवाले छोटे लवकर तापतात.

मड टायरबद्दल अजून एक, लोकांना वाटतं तो सगळ्यात राजा. ओल्या कातळावर, विशेषतः नाल्यातल्या शेवाळलेल्या दगडावर, चांगला एटी त्याच्यापेक्षा जास्त धरतो, कारण रबर जास्त टेकतं आणि त्या चिरा दगडाच्या कडांना पकडतात. जानापाव, जाम गेटच्या मुरमाला आणि दगडाला एटी पुरून उरतो. नर्मदाकाठच्या वाळूत तर मड टायर जोरात फिरवला की खड्डाच खणतो.

आणि ट्रॅक्शन बोर्डाची एक जोडी घ्याच. ते प्लास्टिकचे दातेरी पट्टे चाकाच्या तोंडाशी नीट खुपसले आणि हळू क्लच सोडला की बहुतेक वेळा गाडी स्वतःच्या पायावर बाहेर येते, ट्रॅक्टर शोधत बसावं लागत नाही. ओढायची वेळ आलीच तर दोर फक्त चासीच्या हुकला लावा, टो बॉलला, म्हणजे ट्रॉली जोडायच्या मागच्या गोळ्याला, कधीच नाही, तो ताणाखाली तुटून बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो आणि त्यात जगभर माणसं गेलीयत. ओढताना बघ्यांना लांब उभं करा, मुलांना तर आणखीनच लांब.

सुदामानगरकर:
काय लिहिलंय सगळ्यांनी, खरंच आभार. ताई, तुमची गरज वेगळी आणि माझी वेगळी हे आता कळलं. दोन प्रश्न राहिले. एक, मागे दोन मड टायर आणि पुढे दोन एटी असं चालेल का, एका ओळखीच्याने सुचवलं. दुसरं, साइज, कोणी २१५/७५ म्हणतं, कोणी २३५/७५ म्हणतं, २३५ दिसतो तर जबरदस्त.

पिथमपूरवाला:
पहिल्याचं उत्तर सरळ 'नाही', अजिबात चालणार नाही. जिम्नीची ४ बाय ४ पार्ट टाइम आहे, मधे सेंटर डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नाही, ४एच लावलं की पुढचा आणि मागचा अॅक्सल एकमेकांना बांधले जातात. दोन्हीकडच्या टायरचा घेर वेगळा असेल तर एक अॅक्सल दुसऱ्याला सतत ओढत राहतो, सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणाऱ्या गिअरच्या पेटीवर. एकच साइज लिहिलेली असली तरी दोन वेगळ्या टायरचा खरा घेर वेगळा निघू शकतो. वर पावसात डांबरावर मागची पकड कमी आणि पुढची जास्त म्हणजे वळणावर गाडीचा मागचा भाग बाहेर फेकला जाणार. चारही एकसारखे घ्या, स्टेपनीसकट पाचही घेतलेत तर उत्तम आणि पाचही फिरवत राहा.

साइजचा हिशोब सोपा आहे. १९५/८० आर १५ चा व्यास येतो ६९३ मिमी. २१५/७५ आर १५ चा येतो ७०३.५, म्हणजे दीड टक्का जास्त, स्पीडोमीटरमध्ये फारसा फरक नाही, गिअरिंगवर फारसा परिणाम नाही. २३५/७५ चा येतो ७३३.५, जवळपास सहा टक्के. तिथे इंजिन दमायला लागतं, पूर्ण वळवल्यावर टायर घासायचा धोका, मग सस्पेन्शन उचला, एकातून दुसरं. आणि एक गोष्ट, व्यास दहा मिमीने वाढला की गाडी उचलली जाते पाचच मिमी, कारण अॅक्सलखाली अर्धाच भाग असतो. मोठा टायर घेऊन ट्रॉलीच्या चाकोरीतला मधला उंचवटा पोटाला लागायचा थांबेल असं समजू नका. कंपनीचा क्लिअरन्स २१० मिमी आहे, चाकोरी त्याहून खोल असेल तर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि एक कडेला ठेवून चाला. साइज कुठलीही घ्या, लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, कंपनीच्या टायरपेक्षा कमी नको.

काळी_माती:
मी वयाने मोठा आहे, गाड्यांमधलं एवढं कळत नाही पण त्या मातीत आयुष्य गेलं, म्हणून दोन शब्द. लेका, तीन किलोमीटर सगळा रस्ता कधीच खराब नसतो. खराब असतात दोन-चार जागा, जिथे पाणी साचतं. पहिला मोठा पाऊस झाला की जाऊन बघ पाणी कुठे उभं राहतं, शेजारच्या शेताचं पाणी रस्त्यावर कुठून उतरतं. तिथे कडेने नाली काढ, पाण्याला वाट दे, आणि मग त्या तेवढ्या तुकड्यात मुरूम टाक. नाली न काढता मुरूम टाकलास तर एका पावसाळ्यात माती तो गिळून टाकते, खाली पाणी राहिलं की वरचं काहीच टिकत नाही. हे काम मे महिन्यात करायचं, जमीन कडक असते आणि ट्रॉली आत जाते. रस्ता चार शेतांचा असेल तर चौघांनी मिळून करावं, सगळ्यांचंच पीक त्याच रस्त्याने निघतं. तुझ्या बाबांना विचार, त्यांना त्या जागा पाठ असतील.

आणि नाल्याला पाणी असेल तर टायर कुठलाही असो, थांबायचं. पाताळपाणीच्या धबधब्यावर २०११ च्या जुलैत वरून अचानक लोंढा आला आणि उभी माणसं वाहून गेली, इंदूरमध्ये ते कोणी विसरलेलं नाही. आपल्याकडे ऊन असतं आणि वर डोंगरात पडलेलं असतं. पाणी गढूळ झालं, काटक्या-पाचोळा वाहत यायला लागला की मागे फिरायचं. वाहत्या पाण्यात टायर कितीही मोठा असला तरी गाडी तरंगते, हे तरुण मुलांच्या ध्यानात येत नाही.

शेतावरची_ताई:
काकांनी लाखातलं सांगितलं. आमच्याकडेही फाटकाजवळ नाली काढली तेव्हापासून तेवढा तुकडा सुधारला.

एक विनंती सगळ्यांनाच. शेतातून डांबरावर चढताना दोन मिनिटं थांबून खुरप्याने नाहीतर काठीने टायरमधली माती काढा. ती माती रस्त्यावर सांडते आणि मागून येणारा बाइकवाला त्याच्यावर घसरतो, विशेषतः रिमझिम पावसात. इंदूर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं येतंय, सकाळी झाडलेल्या रस्त्यावर आपल्या चाकांचे गोळे टाकत जाणं बरं दिसत नाही.

सुदामानगरकर:
ठरलं मग. २१५/७५ आर १५ मध्ये एटी, पाचही, एलटीमध्ये मिळाले तर ते, आणि बोर्डाची जोडी. बाबांना रात्रीच विचारलं, त्यांनी कागदावर रस्ता काढून तीन जागा दाखवल्या. एक आंब्याच्या झाडाखाली, दुसरी शेजाऱ्याच्या विहिरीच्या वळणावर आणि तिसरी नाल्याच्या अलीकडे. शेजाऱ्यांशी बोलणं झालंय, मुरूम आपण मिळून टाकू म्हणाले. चिखल फारच असला तर मुरमाच्या तुकड्यावर गाडी लावून ट्रॅक्टर बोलवायचा, बाबांना चिखलातून चालायला लावायचं नाही. टायरच्या दुकानात काय काय बघून घेऊ?

पिथमपूरवाला:
साइडवॉलवर डीओटीच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. पाचही टायरचे स्वतः बघा, एखादा जुना मधेच घुसवलेला नको. काही टायरवर तो नंबर एकाच बाजूला असतो, म्हणून रिमवर चढवायच्या आधीच बघा, नंतर आतल्या बाजूला गेला तर दिसत नाही. व्हॉल्व्ह नवे टाकून घ्या, बॅलन्सिंग आणि अलाइनमेंट तिथेच करा. मग दर आठ-दहा हजार किलोमीटरला पाचही फिरवा, एटीचे ठोकळे एका जागी राहिले की पायऱ्यांसारखे झिजतात आणि मग आवाज सुरू होतो. कायद्याने खाच १.६ मिमीपर्यंत चालते पण आपल्या मातीत चार-पाच मिमीच्या खाली गेला की एटीचं काम संपलं असं समजा.

रानवाट_इंदूर:
आणि नवीन टायर घालून लगेच चिखलात नको, आधी दोन-तीनशे किलोमीटर डांबरावर चालवा, वरचा तेलकट थर निघून जातो. ट्रॅक्शन बोर्ड घेतले की कोरड्या जमिनीवर एकदा लावून बघा, चाकाखाली कोणत्या कोनात खुपसायचे ते पावसात शिकायला जमत नाही. बोर्डाला लांब दोरी बांधून ठेवा, गाडी निघाली की ते चिखलात असे गडप होतात की फावड्याने शोधावे लागतात.